उसन्या धानाचं ऊन

बाई, काल तुझा जलदान विधी झाला. समाजमंदिरात बसायला जागा नव्हती. त्रिसरण-पंचशील झालं. भाऊजी चार शब्द बोलायला उभे राहिले आणि "प्रमिला" एवढंच म्हणून खाली बसले. मग भन्तेजींनी सांगितलं तशी तुझ्या पौर्णिमानं तांब्यातून ताटात पाण्याची धार धरली. ताट भरलं, काठावरून पाणी सांडायला लागलं, तरी तिनं धार तोडली नाही. मला ते बघवेना. मी उठले आणि बाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहिले. आत माझ्या गेलेल्या बहिणीचा विधी चालला होता आणि मी बाहेर उभी, हे लोकांना बरं दिसलं नसेल. तुला कळलं असतं.

बाहेर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "का झालं होतं वं तुया बहिनीले?" मी म्हणाले, "किडनी." त्यांनी मान हलवली. सगळेच मान हलवतात. एका शब्दात आटपतं. मीही या दिवसांत तेवढंच सांगत आले आहे, कारण बाकीचं सांगायला बसलं तर कुठून सुरू करायचं ते मलाच कळत नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तू राईस मिलमध्ये लागलीस. भाऊजी तिथं आधीपासून हमाल होते. मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला गोंदियातच होस्टेलवर होते, आणि दर रविवारी तू मला भेटायला यायचीस, लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन. वडे माझ्यासाठी असायचे, पण खोलीतल्या पोरी दारातच तुझ्या हातातला डबा घ्यायच्या आणि तू पलंगावर मांडी घालून मिलच्या मुनीमजीची नक्कल करायचीस. "अरे बाई लोग, पाँव चलाव, पाँव! धान है, मेहंदी नहीं लगी है!" पोरी हसून लोळायच्या. मी मात्र तुझ्या पायांकडे बघत असायची. टाचांच्या भेगांत तूस अडकलेलं असायचं.

मिलमध्ये चालायचं उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं काम. धान हौदात भिजवायचं, वाफेवर उकडायचं, मग वाफाळतं धान सिमेंटच्या मोठ्या पटांगणावर पसरून वाळवायचं. हे वाळवणं बायांचं. एका रांगेत उभं राहायचं आणि पाय फरफटत चालायचं, म्हणजे धानात सऱ्या पडतात आणि खालचं वर येतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत उलट्या दिशेनं. खालून उकडलेल्या धानाची वाफ, वरून ऊन. तुझ्या शेजारी रांगेत नेहमी द्वारका असायची. तुम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींच्या बाजूनं चाललात की रस्त्यानं जातानाही तुमची पावलं एकसारखी पडायची.

तेव्हा तुला ते काम आवडायचं, हे मला विसरता येत नाही. मी तुझी कीव करायला लागले की तू चिडायचीस. "कायले गरीब-गरीब करून राहिली? बायाच बाया असतो आमी. गाने म्हनतो. कोनी नवऱ्याचं सांगते, कोनी सासूचं. तुया दवाखान्यात हसते का कोनी?"

पोत्यांवर छापलेलं तुला वाचता येत नव्हतं, ते इंग्रजीसुद्धा नव्हतं. एकदा तू पौर्णिमाच्या दप्तरासाठी फाटकं पोतं घरी आणलंस आणि तिनं त्यावरून एका देशाचं नाव शोधून काढलं. बेनिन. आफ्रिकेत. शाळेच्या नकाशात तिनं तुला जागा दाखवली, समुद्राच्या काठावर, बोटाच्या पेराएवढी. तू बराच वेळ बघत राहिलीस. मग मला म्हणालीस, "सुजे, इथून गाडीनं विशाखापट्टनम, तिथून जहाजात, आन् मंग एवढ्या दूर. आन् तिथली बाई चुलीवर ठेवते आन् तिले मालूमच नाई का माह्ये पाय लागले याले." तुला त्याचं फार हसू आलं होतं.

उन्हाचं कधी बिघडलं, ते मला सांगता येणार नाही. आपल्याकडं ऊन होतंच. पण पूर्वी मे महिना कडक असायचा, बाकीचे महिने आपापल्या जागी असायचे. नंतर नंतर मार्चमध्येच पटांगणावर पाय ठेववेना. तुम्ही पायाला चिंध्या बांधायला लागलात. आणि पाऊस कापणीच्या वेळी यायला लागला. बांधीत कापून ठेवलेलं धान भिजायचं, त्याला कोंब फुटायचे, मिलला माल मिळायचा नाही. मिळाला की एकदम यायचा, आणि जहाजाची तारीख तर ठरलेली. मग भर उन्हाळ्यात, दोन ढगांच्या मधे जेवढं ऊन सापडेल तेवढ्यात सगळं वाळवायचं.

मला नर्सच्या नोकरीत दर एप्रिलला उष्माघाताचं ट्रेनिंग असायचं. एकदा साहेबांनी पडद्यावर पृथ्वीचं चित्र दाखवलं, लाल होत जाणारं. मी ते तुला येऊन सांगितलं. "बाई, पृथ्वी तापून राहिली म्हणतात." तू चिंध्या सोडत होतीस. "मंग?" म्हणालीस. "माह्ये पाय कवाचे सांगून राहिले ते."

त्याच ट्रेनिंगमधली पत्रकं मी मिलच्या फाटकावर लावली होती. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल कपडे घाला. पौर्णिमा तुला डबा द्यायला आली तेव्हा तू तिच्याकडून ते मोठ्यानं वाचून घेतलंस, सगळ्या बायांसमोर. आणि मग म्हणालीस, "ऐकलं का वं? घराबाहेर पडाचं नाई. मंग मुनीमजीलेच घरी बलवा, धान घेऊन." ते पत्रक कितीतरी दिवस तिथंच होतं. उन्हानं त्याचे रंग उडून गेले.

आपलं खरं भांडण पाण्याचं होतं. तू पाणी प्यायची नाहीस. सकाळी घरून निघताना अर्धा गिलास, आणि मग संध्याकाळी घरी येईपर्यंत ओठ ओले करण्यापुरतं. तुमच्यातली एकही बाई प्यायची नाही. मी चिडायची, नर्स म्हणून चिडायची, बहीण म्हणून चिडायची. लघवीला जळजळ, पोटऱ्यांत गोळे, उलट्या, हे सगळं तू मला अशा थाटात सांगायचीस, जसं काही शेजारणीचं सांगते आहेस. गोळे आले की मेडिकलमधून दुखीची गोळी घ्यायचीस. ती गोळी तर आणखी वाईट, हेही मी सांगितलं.

एक दिवस तू वैतागून म्हणालीस, "पानी पे, पानी पे! पेलं तर बसाचं कुठं, ते सांग."

मिलमध्ये बायांसाठी जागा नव्हती. तुसाच्या ढिगामागं जायचं तर तिथं बॉयलरवाले असायचे. फाटकाबाहेर रस्ता. माझ्या कुठल्याच पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं.

मग माल घेणाऱ्या व्यापाऱ्याची माणसं मिल बघायला येणार म्हणून गडबड उडाली. भिंतींना चुना लागला, हमालांना नवे गमछे मिळाले, आणि कोपऱ्यात बायांसाठी संडास बांधला गेला, पांढऱ्या टाइलचा. तू मला फोन करून सांगितलंस. "आमचा राजवाडा झाला!" पाहुणे आले, फोटो काढले, गेले. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. घाण होते म्हणून किल्ली ऑफिसात ठेवली. म्हणजे सगळ्या गड्यांसमोर ऑफिसात जायचं आणि मुनीमजीकडून किल्ली मागायची. द्वारका एकदा गेली. मुनीमजी काही वाईट बोलले नाहीत. पण बाकावर बसलेला एक ट्रकवाला हसला. त्यानंतर कोणी गेलं नाही. पुढं तिथं रिकाम्या पोत्यांचा बारदाना ठेवायला लागले.

मी मुनीमजींकडं गेले होते, तुला माहीत आहे. तू माझ्याशी कित्येक दिवस बोलली नाहीस त्यासाठी. मुनीमजी ऑफिसात एकटेच होते, पंख्याखाली ओला टॉवेल मानेवर टाकून. मी म्हणाले, पहाटे काम सुरू करा, दुपारी सुट्टी द्या, पुन्हा उन्हं उतरल्यावर घ्या. ते म्हणाले, "मॅडम, आप पढ़ी-लिखी हैं. धूप मैं थोड़े ही बनाता हूँ? जो धूप आपकी दीदी को लगती है, वही तो धान को चाहिए. सुबह-शाम में नमी रह जाती है. नमी रही तो चावल में बास आती है, बास आई तो वो लोग माल वापस कर देते हैं." मग टॉवेल काढून दाखवला. मानेवर घामोळ्या पिकल्या होत्या. "सेठ मुझे बोलता है, सेठ को पार्टी बोलती है, पार्टी को जहाजवाला. अब जहाजवाले को कौन बोले?"

तरी त्यांनी आठवडाभर ते करून बघितलं. पहाटेची पाळी. मग दोन दिवस आभाळ आलं, धान साचलं, आणि तिसऱ्या दिवशी ऊन निघालं तसं पुन्हा सगळ्यांना दुपारी उभं केलं. तू मला म्हणालीस, "झालं तुयं समाधान? आता मले म्हनते, तुमारी बहन कलेक्टर है क्या."

त्याच उन्हाळ्यात तू पडलीस. सकाळी पाऊस झाला होता, अवकाळी. ताडपत्र्या टाकल्या, पाऊस थांबला, ताडपत्र्या काढल्या, आणि लगेच डोळे दिपतील असं ऊन. ओल्या सिमेंटमधून वाफा निघत होत्या. द्वारका सांगते, तू तिच्याशी बोलता बोलता भलतंच बोलायला लागलीस, मायला हाका मारायला लागलीस. आपली माय जाऊन किती वर्षं झाली होती. तिला वाटलं तू नक्कल करतेस. तुझी सवयच तशी. ती हसली सुद्धा. मग तू धानावर बसलीस आणि आडवी झालीस. भाऊजींनी पाठीवरचं पोतं टाकून तुला उचललं.

मी माझ्या नोकरीच्या गावच्या उपकेंद्रातून ऑटोनं दवाखान्यात पोचेपर्यंत तुला सलाईन लागलं होतं. तुझं अंग तापलेल्या तव्यासारखं आणि कातडी कोरडी. डोळे उघडलेस तेव्हा पहिलं काय विचारलंस? "धान आवरलं का?"

दोन दिवसांनी तू परत कामावर. मी दारात आडवी उभी होते. तू मला हातानं बाजूला केलंस. रागानं नाही, भांडं बाजूला ठेवावं तसं.

वाळवणीची मशीन येणार अशी बातमी तेव्हा उठली होती. ऊन नको, पटांगण नको, ढगांची भीती नको. मला आनंद झाला आणि तो मी तुला बोलून दाखवला. आपलं सगळ्यात मोठं भांडण त्यावर झालं आणि ते अजून संपलेलं नाही. "मशीन आली का ऊन लागनार नाई, हे तुले दिसते," तू म्हणालीस. "मशीन आली का आमी कुठं जावाव, ते नाई दिसत तुले." मी म्हणाले, जीव वाचेल. तू म्हणालीस, "जीव वाचवून का करू? दाखवू का लोकायले?" मी म्हणाले, दुसरं काम मिळेल. तू म्हणालीस, "कोनतं काम सावलीत आहे आमच्यासाठी? तुले माहीत असंन तर सांग, मी उद्या जातो." मी दोन-तीन कामांची नावं घेतली आणि घेताघेताच थांबले. एक रस्त्याचं होतं, एक विटाभट्टीचं.

आज विचार करते, कोण चूक होतं? मला तुला हरवायचं नव्हतं, बाई. मला फक्त तू उन्हातून बाजूला हवी होतीस. पण बाजूला म्हणजे कुठं, ते मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

एका वर्षी पावसानं मिलचा सगळा माल खराब केला. बंदरावरून पोती परत आली. मिलमध्ये महिनाभर काम नव्हतं, घरात चणचण, आणि तू मला विचारतेस, "सुजे, त्या देशातल्या बाया या महिन्यात का रांधत असतीन वं?" त्या वेळी मी म्हणाले, "तुला स्वतःच्या चुलीची काळजी नाही?" तेव्हा मला खरंच राग आला होता. आता वाटतं, तू एकटीच अशी होतीस, जिला दोन्ही टोकांच्या चुली दिसत होत्या.

मग पाय सुजले, तोंड सुजलं. रक्त तपासलं. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, शुगर? नाही. बीपी? पूर्वी कधी नव्हतं. काम काय करते? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. वर्षानुवर्षं उन्हात घाम गाळायचा आणि पाणी प्यायचं नाही, त्यावर दुखीच्या गोळ्या. असे पेशंट येतात आता, म्हणाले. शेतातले, भट्टीवरचे. दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आणि पाणी मोजून द्यायचं. दिवसभरात लोटाभर, त्यातच चहा, त्यातच वरण.

तू माझ्याकडे बघितलंस आणि हसलीस. "पाह्य," म्हणालीस, "आता पानी प्याची मनाई झाली."

ते दिवस मला कुणाला सांगता येत नाहीत. आयुष्यभर तुझ्या मागं लागले, पाणी पी, पाणी पी. आणि आता तुझा लोटा माझ्या हातात, आणि तू मागतेस, आणि मी देत नाही. नागपूरहून परत येताना पॅसेंजरमध्ये समोर एक बाई बसली होती. भली बाई. तुझे सुकलेले ओठ बघून तिनं स्वतःची बाटली पुढं केली. "घ्या ना ताई, थंड आहे." तुझा हात गेला. मी तो धरला. त्या बाईनं माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तूच तिला समजावलंस, "माही बहीन नर्स आहे. तिच्याच हातात आहे माह्यावालं पानी." तुला चेष्टा करायची होती. पण तुमसर रोड गेल्यावर तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "सुजे, एक घोट. एकच वं." आपण लहान असताना मी तुझ्याकडे काही मागायची, तशा आवाजात. मी रुमाल ओला करून तुझ्या ओठांवर ठेवला. तू तो चोखलास. मी बघत होते आणि तू चोखत होतीस, आणि आमगावला जाणाऱ्या वऱ्हाडाची पोरं डब्यात गाणी म्हणत होती.

तुझ्या आजारपणातच मिलमध्ये मशीन आली. द्वारकानं घरी येऊन सांगितलं. तू पलंगावर होतीस. "मंग, पटांगनात का आहे आता?" तू विचारलंस. ती म्हणाली, "ट्रका उभ्या राह्यतेत." तेवढ्यात बिरसीच्या पायलट-शाळेचं विमान घरावरून गेलं आणि तुम्ही दोघींनी सवयीनं वर बघितलं, छपराकडं. पटांगणावर असताना तुम्ही त्या पोरांना हात करायचात म्हणे. एक पोरगा पंख हलवून उत्तर देतो, असं तुझं ठाम मत होतं. द्वारका म्हणायची, हवा असंन. त्या दिवशी ती म्हणाली, "तुलेच हलवत होता तो, प्रमिला. खरं सांगतो." तू समाधानानं डोळे मिटलेस.

शेवटच्या सकाळी तुला दम लागला. अॅम्ब्युलन्समध्ये मी होते, भाऊजी पुढं ड्रायव्हरजवळ. ऑक्सिजन होता, इंजेक्शनं होती, माझे इतक्या वर्षांचे हात होते. नागपूर दूर होतं. भंडाऱ्याच्या अलीकडं तू मास्क बाजूला केलास. मला वाटलं पाणी मागशील. मी ठरवलं होतं, या वेळी देईन. पण तू काचेतून आभाळ बघत होतीस. म्हणालीस, "पानी येते वाटते. पौर्णिमाले फोन कर. वाळत घातलेले कपडे काढजो म्हनाव." मी फोन लावला. पौर्णिमा "हो मावशी" म्हणाली, आणि मी फोन ठेवून वळले तेव्हा तू नव्हतीस.

मुनीमजी मौतीला आले होते. खूप थकलेत. हात जोडून उभे राहिले. "बड़ी मेहनती थी, बड़ी हँसमुख," म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. रात्रभर त्यासाठी शब्द जमवले होते मी. पण त्यांच्यावर ओरडून झाल्यावर मला सेठकडं जावं लागलं असतं, मग व्यापाऱ्याकडं, मग जहाजाकडं, आणि शेवटी त्या बाईकडं, जी चुलीवर तांदूळ ठेवून पोरांची वाट बघते आहे. तिच्यावर मी कशी ओरडू? मी त्यांना म्हणाले, "बसा, चहा घ्या."

आज मी ड्युटीवर रुजू झाले. उपकेंद्र उघडलं, आणि दुपारच्या बसनं द्वारका आली. मला वाटलं, भेटायला आली असेल. बसली, तुझं थोडं बोललो, दोघी रडलो. मग ती पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "सुजाता, मलेही जळजळ होते वं. पोटऱ्या धरतेत." ती आता डांबराच्या रस्त्यावर जाते. गोरेगावकडं काम चालू आहे. तिथं झाडं आधीच कापली आहेत. मी तिच्या पायांवर दाबून बघितलं. बोटाचा खळगा राहिला, हळूहळू भरला. मी म्हणाले, रक्त तपासायला हवं, उद्याच चल. ती म्हणाली, उद्या नाही, रस्ता पावसाच्या आत करून द्यायचा आहे, मुकादम सोडत नाही. ओठांवर आलं होतं, पाणी पीत जा. आलं ते मी गिळलं आणि विचारलं, "तिथं बसायला जागा आहे का?" ती हसली. तुझ्यासारखंच.

मी तिला जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या. दुखीची गोळी खाऊ नको, म्हणून शपथ घातली. तिनं पुड्या कमरेला खोचल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि उन्हात उतरली. दारातून बघितलं तर रस्त्यावर सावली कुठंच नव्हती, बस यायला अवकाश होता. तिला हाक मारून आत बसवावं असं फार वाटलं. बस येईपर्यंत बसवलंही असतं. पण उद्या, बाई? परवा?